जुने शहर ते क्वालालंपूर : जाण्याआधी काय माहीत हवे, येताना काय आणावे

“भाईजान, मलेशियाले व्हिसा लागत नाही म्हणे. खरं काय?”

क्वालालंपूरहून परत आल्यापासून हा प्रश्न मला दुकानात, मशिदीच्या पायरीवर, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे विचारला गेला. मागोमाग दुसरे प्रश्न येतात. नमाजची सोय कशी? खाण्यात खरंच सगळं हलाल असतं का? म्हाताऱ्या आईला नेता येईल का? आणि हळू आवाजात एक शेवटचा प्रश्न : “तिकडे पोराले काम भेटन काय?” प्रत्येकाला वेगवेगळे सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवावे म्हणून हा लेख.

व्हिसा आणि कागदपत्रे

ऐकलेले खरे आहे. १ डिसेंबर २०२३ पासून भारतीय पासपोर्टवर मलेशियात ३० दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय जाता येते. ही सवलत सध्या ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत वाढवलेली आहे. पण व्हिसा नाही म्हणजे कागद नाही, असे समजू नका. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. परतीचे तिकीट, हॉटेलचे बुकिंग आणि खर्चापुरते पैसे आहेत का, हे विमानतळावरचा अधिकारी विचारू शकतो. शिवाय पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत मलेशियाच्या इमिग्रेशनच्या संकेतस्थळावर ‘डिजिटल अरायव्हल कार्ड’ भरावे लागते. १ जानेवारी २०२४ पासून ते सक्तीचे आहे आणि त्याला एक पैसाही लागत नाही. हाच फॉर्म भरून देण्यासाठी काही लोक पैसे घेतात. घरातल्या शिकलेल्या मुलीला बसवा, पंधरा मिनिटांत भरून होतो.

अकोल्याहून रात्रीच्या विदर्भ एक्सप्रेसने मुंबई गाठायची आणि तिथून विमान. उड्डाण साधारण पाच तासांचे. घड्याळ अडीच तास पुढे करावे लागते. विमानतळ सेपांग नावाच्या गावी आहे, शहरापासून पन्नासेक किलोमीटरवर. तिथून न थांबणारी रेल्वे २८ मिनिटांत शहराच्या मुख्य स्टेशनात पोहोचवते, पण तिचे तिकीट महाग आहे. चार-पाच जणांचे कुटुंब असेल तर ॲपवरून बोलावलेली गाडी सोयीची पडते, आणि एकटा माणूस असेल तर बस सगळ्यात स्वस्त. तिथले चलन रिंगिट. एक रिंगिट म्हणजे वीस रुपयांहून थोडे जास्त, भाव कमी-जास्त होत राहतो. विमानतळावर गरजेपुरतेच पैसे बदला, बाकीचे शहरात.

नमाज : वेळा वेगळ्या, पद्धतही थोडी वेगळी

क्वालालंपूर विषुववृत्ताजवळ आहे. त्यामुळे बारा महिने दिवस आणि रात्र जवळपास सारखेच. जोहरची वेळ सव्वा वाजताच्या सुमाराला सुरू होते आणि मगरिब सात ते साडेसातच्या दरम्यान. आपल्याकडे हिवाळ्यात मगरिब पावणेसहाला होते आणि उन्हाळ्यात सातला. तिथे वर्षभरात साधारण अर्ध्या तासाचाच फरक पडतो. हॉटेलच्या खोलीत छतावर किंवा टेबलाच्या खणात बाण असतो आणि त्यावर ‘किब्लात’ लिहिलेले असते. किब्ला शोधायला मोबाईल काढावा लागत नाही.

मलेशियातले बहुतेक मुसलमान शाफई मसलकचे आहेत, आपल्या वऱ्हाडात बहुतेक हनफी. त्यामुळे काही गोष्टी पहिल्यांदा खटकतात. असरची अजान आपल्या हिशेबाने लवकर होते. फजरच्या दुसऱ्या रकातीत रुकूनंतर इमामसाहेब हात उचलून दुआ-ए-कुनूत पढतात. ‘आमीन’ मोठ्याने म्हटले जाते. आमच्या अम्मी पहिल्या दिवशी गोंधळल्या. “अरे, ये क्या पढ रहे?” मी त्यांना सांगितले, अम्मी, रत्नागिरी-रायगडचे आपले कोकणी मुसलमान हेच करतात. ते पण शाफईच आहेत. मग त्यांना बरे वाटले. चारही मसलक हक आहेत हे आपण लहानपणापासून ऐकतो, पण दुसऱ्या मसलकच्या इमामामागे उभे राहिल्याशिवाय ते आत उतरत नाही.

प्रवासातल्या कसर नमाजचा प्रश्नही येतो. हनफी मसलकप्रमाणे पंधरा दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर चार रकाती फर्जच्या दोन होतात. मात्र मुक्कामी इमामामागे पढताना पूर्ण चार पढायच्या. निघण्याआधी आपल्या मोहल्ल्यातल्या मौलानांना एकदा विचारून घ्या.

बायकांची जागा

ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला, ती ही. तिथे मॉल असो, रेल्वे स्टेशन असो, पेट्रोल पंप असो की सरकारी कचेरी, ‘सुराऊ’ नावाची नमाजची खोली असतेच. पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी. दोन्हीकडे वजूची सोय. बायकांच्या खोलीत ‘तेलेकुंग’ नावाचा पांढरा, डोक्यापासून पायापर्यंतचा नमाजचा पोशाख टांगलेला असतो. कपडा कसाही असला तरी तो वरून घालायचा आणि नमाज पढायची.

आमच्या अम्मींचे वय सत्तरच्या पुढे. आयुष्यभर नमाजी. पण मशिदीच्या छताखाली जमातीने फर्ज नमाज त्यांनी पहिल्यांदा पढली ती क्वालालंपूरच्या राष्ट्रीय मशिदीत. बाहेर आल्यावर त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या पायरीवर बसून राहिल्या. मग म्हणाल्या, “बेटा, टिळक रोडवर कपडा घ्यायला जाते तेव्हा माझी असर किती वेळा गेली असेल, हिशेब नाही.”

हा हिशेब फक्त आमच्या घरचा नाही. बायकांनी मशिदीत यावेच, असे शरीयतने बंधन घातलेले नाही. घरी नमाज पढण्यात त्यांना पूर्ण सवाब आहे. पण बंदीही नाही. २०१९ मध्ये पुण्यातल्या एका दाम्पत्याने हा विषय सर्वोच्च न्यायालयात नेला. त्यावर ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने जानेवारी २०२० मध्ये प्रतिज्ञापत्र दिले की, स्त्रियांना मशिदीत नमाजसाठी येण्याची मुभा आहे, मात्र जमातीत येणे त्यांच्यावर बंधनकारक नाही. म्हणजे अडचण मसलकची कमी आणि जागेची जास्त आहे. बाजारातल्या एखाद्या मशिदीत मागच्या बाजूला एक खोली, एक पडदा, दोन नळ आणि वेगळा दरवाजा. एवढे झाले तरी खेड्यावरून खरेदीला किंवा दवाखान्यात आलेल्या किती तरी बायकांची नमाज वाचेल.

खाण्याचे काय?

मलेशियात सगळेच मुसलमान आहेत असे नाही. २०२० च्या जनगणनेनुसार मुसलमान सुमारे ६३.५ टक्के, बौद्ध १८.७, ख्रिस्ती ९.१ आणि हिंदू ६.१ टक्के. क्वालालंपूरमध्ये चिनी वस्ती मोठी असल्याने तिथे मुसलमानांचे प्रमाण देशापेक्षा कमी आहे. म्हणून डोळे मिटून कुठेही जेवायला बसू नका. ‘जाकिम’ ही सरकारी संस्था हलालचे प्रमाणपत्र देते. तिचे गोल चिन्ह दारावर किंवा पाकिटावर बघा. ‘पोर्क नाही’ एवढीच पाटी असेल तर ते हलाल झाले असे नाही, कारण मांस कसे कापले आणि पदार्थात दारू आहे का, हे त्या पाटीवरून कळत नाही.

आपल्या जिभेला सगळ्यात जवळचे म्हणजे ‘मामाक’ हॉटेल. ही तमिळ मुसलमानांची हॉटेले, बरीचशी चोवीस तास चालू. ‘मामाक’ हा शब्द तमिळमधल्या ‘मामा’वरून आला आहे. तिथली ‘रोटी चनाई’ म्हणजे आपल्या पराठ्याची बहीण : हवेत फिरवून पातळ केलेली, पदर सुटलेली, सोबत डाळ किंवा कालवण. साधी रोटी दोन रिंगिटच्या आसपास मिळते. ‘तेह तारिक’ म्हणजे ओढलेला चहा, एका मगातून दुसऱ्या मगात उंचावरून ओतून फेस आणलेला. गोड इतका की आपला चहावालाही लाजेल. ‘कुरांग मानिस’ म्हणा, साखर कमी घालतात. रमजानमध्ये जाणार असाल तर संध्याकाळचे रमजान बाजार जरूर बघा. पण दिवसा उघड्यावर खाणे हा तिथे मुसलमानासाठी कायद्याने गुन्हा आहे, हेही लक्षात ठेवा.

त्यांचा रोजा, आपला उपवास

भाषेत एक गंमत आहे. मलय लोक रोजाला ‘पुआसा’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘उपवास’वरून आला आहे. सवाबला ते ‘पहाला’ म्हणतात, म्हणजे ‘फल’. गुनाहला ‘दोसा’, म्हणजे ‘दोष’. जन्नतला ‘शुर्गा’, धर्माला ‘आगामा’ आणि भाषेला ‘बहासा’. याच बरोबर ‘मस्जिद’ आहे, ‘किब्लात’ आहे, वेळेला ‘वक्तू’ आहे. कोट्यवधी लोक शेकडो वर्षांपासून हे शब्द वापरून दीन पाळत आले आहेत. त्यांच्या इमानात त्याने काही कमी झाले नाही.

आपल्या जुन्या शहरात घरात दखनी, बाजारात वऱ्हाडी, मदरशात उर्दू आणि कचेरीत मराठी चालते. मूल मराठी शाळेत घातले की काही जण विचारतात, “दीनचं काय होईल?” आणि मराठी बोलले की दुसरीकडून कोणी म्हणते, “तुम्हाला मराठी कसं येतं?” दोघांनाही मलयांचा ‘पुआसा’ ऐकवावा.

काय बघावे

पेट्रोनासचे जुळे मनोरे सगळ्यांना माहीत आहेत. उंची ४५२ मीटर, मजले ८८, बांधून पूर्ण १९९८ मध्ये. त्यांच्या तळाचा आराखडा इस्लामी कलेतल्या आठ टोकांच्या ताऱ्यावरून घेतला आहे, हे मात्र कमी जणांना ठाऊक असते. राष्ट्रीय मशीद १९६५ ची. तिचे छत उघडलेल्या छत्रीसारखे आणि मिनार ७३ मीटर उंच. तिच्या जवळच इस्लामी कला संग्रहालय आहे, त्यात भारताचे स्वतंत्र दालन आहे. मुलांना घेऊन जाणार असाल तर इथे निवांत वेळ द्या. बाटू लेण्यांत ४२.७ मीटर उंच मुरुगन स्वामींची मूर्ती आणि २७२ पायऱ्या आहेत. तिथे हिंदू भाविकांची गर्दी असते. शहरातून लोकल रेल्वेने जाता येते. कपडे हलके, सुती घ्या. अकोल्याच्या मे महिन्यासारखी पंचेचाळीसची भट्टी नसते, पण घाम सुकत नाही आणि दुपारी कधीही पाऊस येतो. छत्री सोबत ठेवा.

पण एकच ठिकाण बघायचे असेल तर मस्जिद जामेक बघा. क्वालालंपूर या नावाचा अर्थ ‘चिखलाचा संगम’. क्लांग आणि गोम्बाक या दोन नद्या जिथे मिळतात, तिथे १८५७ च्या सुमाराला कथिलाच्या खाणींसाठी आलेल्या लोकांची वस्ती झाली आणि तिचे शहर बनले. त्या संगमाच्या टोकावर १९०९ मध्ये ही मशीद उभी राहिली. आराखडा आर्थर हबॅक या इंग्रज वास्तुविशारदाचा, पण घुमट आणि कमानी आपल्या मोगल इमारतींसारख्या.

नदीकाठची मशीद म्हटल्यावर आपल्या अकोलेकराला मोर्णा आठवणारच. जानेवारी २०१८ मध्ये हजारो अकोलेकर मोर्णेत उतरून जलकुंभी काढत होते. त्याची दखल पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मध्येही घेतली गेली. क्वालालंपूरनेही याच दशकात ‘रिव्हर ऑफ लाइफ’ नावाने नदीसुधार सुरू केला. सांडपाणी अडवले, काठ बांधले, मशिदीभोवती फिरायला वाट केली, रात्री दिवे आणि कारंजे. तरीही जोराचा पाऊस झाला की पाणी चहासारखे तपकिरी होते. एवढा पैसा ओतूनही नदी एका दमात साफ होत नाही. काम दर वर्षी करावे लागते. आपण एकदा जलकुंभी काढतो आणि फोटो जपून ठेवतो.

१३ मे

मस्जिद जामेकपासून पायी दहा-पंधरा मिनिटांच्या आत चिनी बाजार आहे, चिनी मंदिर आहे आणि १८७३ मध्ये स्थापन झालेले मारिअम्मन देवीचे तमिळ मंदिर आहे. आज तिथे सगळे सरमिसळ फिरतात. पण हे शहर एकदा जळालेले आहे. १० मे १९६९ ला निवडणूक झाली आणि १३ मे रोजी मलय आणि चिनी समाजांत दंगल उसळली. सरकारी आकड्याप्रमाणे १९६ माणसे मेली, त्यांत बहुतेक चिनी वंशाची. आणीबाणी लागली. संसद १९७१ पर्यंत बंद राहिली.

तारीख ऐकून मी थबकलो. १३ मे २०२३ च्या रात्री आपल्या जुन्या शहरात काय झाले, ते सांगायला नको. समाजमाध्यमावरची एक पोस्ट, मग दगड, मग जाळपोळ. एका माणसाचा जीव गेला. जमावबंदी लागली, इंटरनेट बंद झाले. हातावर पोट असलेल्यांचे किती दिवस गेले, त्यांची नोंद कोणी ठेवली नाही.

मलेशियाने त्यानंतर काय केले? १९७० मध्ये ‘रुकुन नगारा’ म्हणजे राष्ट्राची पाच तत्त्वे ठरवली. ती आजही शाळेत मुलांकडून म्हणवून घेतात. दंगलीच्या मुळाशी गरिबी आहे, हे मान्य करून १९७१ पासून मागासलेल्या मलयांसाठी शिक्षण, नोकरी आणि धंद्यात राखीव वाटा दिला. त्यावर चिनी आणि भारतीय वंशाच्या लोकांची नाराजी आहे आणि ती खोटी नाही. सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. पण आपल्याला घेता येईल अशी एक गोष्ट तिथे दिसते. नमाजच्या वेळा सोडून तिथल्या मोठ्या मशिदी सगळ्यांना खुल्या असतात. दारात झगे ठेवलेले असतात. गोरा पर्यटक असो की चिनी विद्यार्थी, झगा घालून आत येतो आणि एक स्वयंसेवक शांतपणे त्याच्या प्रश्नांना उत्तरे देतो. आपल्या राज्यातही काही शहरांत ‘मस्जिद परिचय’चे कार्यक्रम होतात. जुने शहरात ते नेमाने व्हायला हवेत. आमच्या गल्लीतले काका पन्नास वर्षांपासून अजान ऐकतात, पण मशिदीत आत काय असते ते त्यांनी पाहिलेले नाही. त्यांना कोणी बोलावलेच नाही.

आता शेवटचा प्रश्न : काम मिळेल का?

पर्यटक म्हणून जाऊन काम करता येत नाही. हे वाक्य घरातल्या प्रत्येक तरुणाला पाठ करायला लावा. “आधी फिरायला जा, तिकडे गेल्यावर परमिट काढून देतो,” असे कोणी सांगत असेल तर तो फसवतो आहे. ३० दिवस संपले की मुलगा बेकायदा ठरतो. मालक पासपोर्ट काढून घेतो, पगार अडवतो, आणि तक्रार करायला गेले तर अटक आपलीच. मोठा दंड आणि तुरुंग दोन्ही होऊ शकतात.

त्याहून वाईट म्हणजे थायलंड-मलेशियाचे नाव सांगून म्यानमार-कंबोडियातल्या सायबर ठगांच्या अड्ड्यांवर मुलांना विकले जाते. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने म्यानमार सीमेवरच्या अशा अड्ड्यांतून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना विमानाने परत आणले.

कायदेशीर रस्ता आहे. परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटाची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘ई-मायग्रेट’ संकेतस्थळावर असावी लागते. नाव आणि क्रमांक तिथे तपासता येतो. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ असते. त्यांना मलेशियात नोकरीसाठी जाताना सरकारची परवानगी लागते. ती टाळण्यासाठीच एजंट ‘फिरायला’ पाठवतात. नोकरीचा करार हातात आल्याशिवाय, कामाचा व्हिसा लागल्याशिवाय दागिना गहाण टाकू नका. जाणाऱ्याने क्वालालंपूरच्या मॉन्ट कियारा भागातल्या भारतीय उच्चायोगाचा फोन नंबर कागदावर लिहून जवळ ठेवावा, आणि पासपोर्टची झेरॉक्स घरी. आणि हो, विमानतळावर कोणाचेही पार्सल हातात घेऊ नका. अमली पदार्थांच्या तस्करीला तिथे आजही फाशी होऊ शकते.

येताना काय आणावे

आम्ही मुलांसाठी चॉकलेट आणले, शेजाऱ्यांसाठी चहाची पाकिटे. अम्मींनी स्वतःसाठी एक तेलेकुंग घेतला. आता टिळक रोडवर जाताना तो त्यांच्या पिशवीत घडी करून ठेवलेला असतो. परवा विचारले, “अम्मी, हा कशाला सोबत? पढायची जागा कुठे आहे?”

“जागा तुम्ही करा,” त्या म्हणाल्या. “कपडा तयार आहे.”